७ मिनिटांची मेंढरं, ८५ मिनिटांचा सिनेमा

मेंढपाळ_नव्हे

मुलांच्या आवडत्या मालिकेचा सिनेमा करायला घेतला की बहुतेक वेळा माती होते. 'शॉन द शीप'ची झाली नाही. का झाली नाही यावर माझं एक म्हणणं आहे, ते मांडतो, तुम्ही खुशाल फाडा. (सिनेमाची गोष्ट सगळी सांगणार आहे. पाहायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा.)

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शॉन हे मेंढरू पहिल्यांदा दिसलं १९९५ साली, निक पार्क यांच्या 'अ क्लोज शेव्ह' या वॉलेस-ग्रॉमिटच्या (एक विक्षिप्त संशोधक आणि त्याचा कुत्रा) अर्ध्या तासाच्या लघुपटात. तिथे त्याचं काम बेताचंच, पण लोकांच्या लक्षात राहिलं. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन या ॲनिमेशन स्टुडिओने त्याला स्वतंत्र मालिका दिली. रिचर्ड स्टारझॅक यांनी ती घडवली आणि २००७ मध्ये ती बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. निर्मितीत जर्मनीची डब्ल्यूडीआर ही वाहिनी भागीदार होती. पहिल्या हंगामात ४० भाग, प्रत्येक भाग ७ मिनिटांचा.

जग एवढंसं. मॉसी बॉटम नावाचं शेत. चष्मा लावूनही समोरचं न दिसणारा, स्वतःशी पुटपुटणारा शेतकरी. बिट्झर हा कुत्रा म्हणजे त्याचा मुकादम: डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात हजेरीचा कागद. मग कळप. अवाढव्य शर्ली, जिच्या लोकरीत वाट्टेल ती वस्तू गडप होते. टिमी कोकरू आणि केसांत कर्लर लावून फिरणारी त्याची आई. शेजारी टवाळखोर डुकरं. कुणी एक शब्द बोलत नाही. शेतकरी बोलतो, पण ते कोणत्याच भाषेत नसतं.

या मालिकेचा एक अलिखित कायदा आहे. मधल्या वेळात कितीही गोंधळ होवो, शेतकरी वळून पाहतो तेव्हा मेंढरं माना खाली घालून गवत खात उभी असली पाहिजेत. त्याला काही कळता कामा नये. पुढच्या भागात सगळं परत पहिल्यापासून. मुलं एकच भाग दहा-दहा वेळा पाहतात ती याच भरवशावर.

आता हा कायदा घेऊन ८५ मिनिटं काढायची कशी? १२ भाग सलग लावून जमत नाही, कारण चौथ्या भागाला मूल उठून जातं. प्रत्येक वेळी सगळं जागच्या जागी येणार हे त्याला कळून चुकलेलं असतं, मग पुढे काय होईल याची ओढ कशाला राहील?

यावर सरधोपट उपाय म्हणजे बाहेरून एक बडा खलनायक आणायचा. 'मॅजिक राउंडअबाउट' ही मूळची फ्रेंच मालिका, १९६४ ची, सर्ज दानो यांची. बीबीसीने ती १९६५ पासून दाखवली. एरिक थॉम्पसन यांनी फ्रेंच संहिता बाजूला ठेवली आणि नुसती चित्रं पाहून स्वतःच्या गोष्टी रचल्या, स्वतःच्याच आवाजात सांगितल्या. पाच मिनिटांचा मामला, संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी. त्यामुळे बातम्यांसाठी बसलेले बापही तो बघायचे. २००५ साली त्याचा संगणकीय सिनेमा झाला. त्यात काय, तर एक बर्फाचा जादूगार जग गोठवायला निघालेला आणि त्याला रोखण्यासाठी तीन हिरे शोधायचे. अमेरिकेत पुढच्या वर्षी आवाज आणि संवाद बदलून तोच 'डूगल' नावाने लावला, तो आणखीच भयाण. 'पोस्टमन पॅट'चं तेच. १९८१ पासून ग्रीनडेल नावाच्या खेड्यात पत्रं वाटणारा साधा माणूस. २०१४ च्या सिनेमात तो टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जातो आणि गावात त्याच्यासारखे दिसणारे यंत्रमानव टपाल वाटायला येतात. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतत राहायचं, तसला हा प्रकार.

मार्क बर्टन आणि स्टारझॅक यांनी २०१५ च्या सिनेमात मालिकेच्या आतच हात घातला. सुरुवातीला जुन्या घरगुती चित्रफितीसारखी दृश्यं येतात. शेतकरी तरुण आहे, बिट्झर पिल्लू आहे, शॉन कोकरू आहे, तिघं मजेत आहेत. मग वर्षं जातात. रोज तोच कोंबडा, तोच गजर, तीच कामांची यादी. शॉनला एक दिवसाची सुट्टी हवी असते. एवढंच. बदकाला पावाच्या तुकड्यांची लाच देऊन बिट्झरला गुंतवायचं. मग मेंढरांनी एकामागून एक फाटकावरून उड्या मारायच्या, त्या मोजता मोजता शेतकरी झोपी जाणार. मग त्याला उचलून जुन्या कॅरव्हॅनमध्ये टाकायचं. इथपर्यंत हा मालिकेचाच एक भाग आहे आणि सातव्या मिनिटाला तो संपू शकला असता. पण कॅरव्हॅन उतारावरून सुटते ती थेट शहरात पोहोचते. डोक्याला मार लागून शेतकऱ्याची स्मृती जाते.

माझं म्हणणं इथे आहे. शेतकऱ्याला काहीच कळत नाही, हा मालिकेतला विनोद. शेतकऱ्याला काहीच आठवत नाही, हे सिनेमातलं दुखणं. तीच दोरी, फक्त दुसऱ्या टोकाने ओढली. शहरात तो चुकून एका केशकर्तनालयात शिरतो, हातात मशिन येतं आणि मेंढी भादरावी तसे एका प्रसिद्ध माणसाचे केस भादरतो. त्याचीच फॅशन होते. म्हणजे हाताला काम आठवतंय, मेंढी आठवत नाही. शॉन त्याला शोधत तिथे येऊन समोर उभा राहतो आणि तो त्याला हाकलतो.

एक शब्द नसलेल्या सिनेमात हा प्रसंग करायला छाती लागते.

रिकामटेकडी

पहिला नंबर! सलूनच्या प्रसंगाला आमच्या कन्येने रिमोट हिसकावून सिनेमा थांबवला होता. "त्याला सांगा ना कुणीतरी." कोण सांगणार, सगळे मुके.

मला त्यानंतरचं जास्त भिडतं. हाकललेला शॉन आणि बाकीची मेंढरं गल्लीत रात्र काढतात आणि सगळी मिळून सुरात गातात. बें-बें करतच गातात, पण चाल ऐकून पोटात कालवतं.

खडूस_बुवा

लेख बरा आहे, सिद्धांत गळका आहे.

एक. डोक्यावर आपटून स्मृती जाणं ही धीट कल्पना? अहो, आपल्या हिंदी सिनेमाने या एका टेंगळावर कित्येक दशकं काढली. त्यात गाणं कौटुंबिक ओळखीचं. इथेही गाणं आहेच. बर्टन साहेबांना कुणीतरी सत्तरच्या दशकातली कॅसेट दिलेली दिसते.

दोन. "बाहेरून खलनायक आणला नाही" म्हणता, मग ट्रंपर कोण? शहरातली मोकाट जनावरं पकडणारा, डोळे वटारून फिरणारा, शेवटी मेंढरांच्या जिवावर उठलेला. हा मॉसी बॉटमचा रहिवासी नव्हे. त्या जादूगाराला तीन हिरे होते, याला गाडी आणि फासा आहे, फरक काय?

मेंढपाळ_नव्हे

@खडूस_बुवा, पहिला मुद्दा निम्मा मान्य. युक्ती घासून गुळगुळीत झालेली आहे. पण आपल्याकडे स्मृती जाते ती गोष्ट लांबवायला. इथे ज्या माणसाचं एकमेव लक्षण 'याला काही दिसत नाही' हे आहे, त्याचीच स्मृती गेली. दुसऱ्या कुणाची गेली असती तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

ट्रंपरबद्दल नाही पटलं. बर्फाचा जादूगार सिनेमापुरता उपरा आणलेला. ट्रंपर मेंढरांच्या वाट्याला येतो तो ती स्वतः होऊन शहरात गेल्यामुळे. शिवाय तो काय करतो? जनावरं मोजतो, पकडतो, कोंडतो. शेतकरी आणि बिट्झर घरी रोज हेच करतात, फक्त त्यात माया असते. मायेशिवाय तेच काम कसं दिसेल ते शॉनला कोंडवाड्यात कळतं. सुट्टी हवी म्हणणाऱ्याला असा कोंडवाडा दाखवणं मला तरी उपरं वाटत नाही.

खडूस_बुवा

ही पळवाट आहे, पण देखणी आहे. सोडतो.

फ्रेममोज्या

पोटापाण्यासाठी ॲनिमेशन करतो (पुणे, बहुतेक जाहिराती, बहुतेक संगणकावर), त्यामुळे जरा कारागिरीचं बोलू द्या. गोष्टीबद्दल तुम्ही भांडताय तेवढ्यात मी आकडेमोड केली.

८५ मिनिटं म्हणजे ५,१०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,२२,४०० फ्रेम. स्टॉप मोशनमध्ये (बाहुली जराशी हलवायची, एक चित्र टिपायचं, परत हलवायची) बरेचदा एक मुद्रा दोन फ्रेम ठेवतात, तरी ६१,२०० वेळा बाहुल्या हलवायच्या. आणि 'बाहुली' नव्हे, बाहुल्या: कळपाचा शॉट असेल तर प्रत्येक मेंढरू, त्याचे कान, मान, पाय. एका माणसाकडून दिवसाला दोन-तीन सेकंद निघाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणून एकाच वेळी बऱ्याच सेटवर काम चालतं आणि एकाच शॉनच्या अनेक प्रती लागतात.

शॉनचा चेहरा नीट पाहा. भुवया नाहीत. तोंड बहुतेक वेळा नसतंच! लागेल तेव्हा ते गालाच्या बाजूला चिकटवतात, नाहीतर काढून ठेवतात. डोळे म्हणजे मणी. बुबुळाच्या जागी बारीक भोक असतं, त्यात टाचणीसारखं काहीतरी घालून नजर फिरवायची. पापण्या वेगळ्या. म्हणजे अभिनयाला साहित्य काय, तर पापणी, कान आणि मानेचा कल. ७ मिनिटांच्या भागात हे पुरतं, कारण तिथे शॉन सतत काहीतरी करत असतो. सिनेमाला त्याला नुसतं उभं करावं लागतं. सलूनच्या प्रसंगात तो काही करत नाही, बघतो. आमच्या धंद्यात नुसतं बघणारं पात्र सगळ्यात अवघड. पूर्ण स्थिर ठेवलं तर क्षणात प्लास्टिसिनचा गोळा दिसायला लागतो. थोडं जास्त हललं तर प्रेक्षकाचं लक्ष हलण्याकडे जातं. तिथल्या पापणीच्या एका उघडझापेवर कुणीतरी अर्धा दिवस घातला असणार, मी पैजेवर सांगतो.

दुसरं म्हणजे आवाज. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि आम्ही त्या पट्टीवर पात्र हलवतो. विराम, श्वास, जोर, सगळं नटाने दिलेलं असतं. इथे ती काठीच नाही. जॉन स्पार्क्स (शेतकरी आणि बिट्झर, दोघेही) आणि जस्टिन फ्लेचर (शॉन आणि टिमी) यांचं काम सुंदर आहे, पण ते गुरगुरणं आणि बें-बें आहे. त्यावर विनोदाची वेळ बसत नाही. आर्डमनमध्ये मग ही मंडळी शॉट करण्याआधी स्वतः कॅमेऱ्यासमोर तो प्रसंग करून बघतात आणि त्यावरून वेळ ठरवतात. मेंढरासारखं उभं राहून दाखवणारा दाढीवाला दिग्दर्शक डोळ्यांसमोर आणा.

संवाद नसल्याचा खरा फटका मात्र त्याआधी, स्टोरीबोर्डच्या (प्रसंग आधी कागदावर चित्रांत मांडण्याच्या) टेबलावर बसतो. संवाद असले की फसलेला प्रसंग एका वाक्यात सावरता येतो. 'अरे, हाच तो माणूस!' असं कुणीतरी म्हटलं की झालं. इथे चित्र कळलं नाही तर संपलं. म्हणून जे आधीच प्रेक्षकाला माहीत आहे तेच वापरणं भाग पडतं: मेंढ्या मोजल्या की झोप, मशिन म्हणजे लोकर. शेवटी शेतकऱ्याला पळवायला हीच उड्यांची युक्ती परत वापरलीय बघा, एका अक्षराची फोड न करता. मेंढपाळरावांचा सिद्धांत बरोबर असेल, पण त्यात हौसेइतकीच लाचारी आहे.

आणि खर्च. मालिकेला एक घर, एक कुरण, एक भिंत पुरते. सिनेमाला रस्ता, बस, रुग्णालय, उपाहारगृह आणि रस्त्यावर माणसं! माणसांच्या गर्दीचा एक शॉट म्हणजे तेवढे कपडे, तेवढे सांगाडे. "पात्रांना शहरात न्या" असं लिहायला लेखकाला एक ओळ लागते.

रिकामटेकडी

@फ्रेममोज्या, यापुढे सिनेमा बघताना मी पापण्याच मोजत बसणार, धन्यवाद. उपाहारगृहाचा प्रसंग मात्र यातून सुटका करणारा. मेंढरं माणसांचे कपडे घालून टेबलावर बसलीत, कसं वागायचं ते ठाऊक नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरचा माणूस करेल ते करायचं. आम्ही पहिल्यांदा काटे-चमच्याच्या हॉटेलात गेलो तेव्हा वेगळं काय केलं होतं!

मोघम

बाकी चर्चा वाचतोय. एकच मुद्दा. आमच्या घरी टीव्हीवरून रोज भाषेचं भांडण. पोरगं डोरेमॉनच्या हिंदीत रागावतं, आजीला ते आवडत नाही, इंग्रजी लावलं तर आजीला कळत नाही. शॉन लागला की आजी आणि नातू एकाच जागी हसतात आणि मध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिट्झर रुग्णालयात डॉक्टर समजला जातो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभा असताना हाडांचा सांगाडा बघून त्याचं चित्त ढळतं, तेव्हा आमच्या आईला ठसका लागला होता.

ब्रिस्टलकरीण

गावाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. :)

२०१५ मध्ये आधी वसंतात लंडनमध्ये आणि मग उन्हाळ्यात इथे रस्तोरस्ती शॉनचे मोठाले पुतळे उभे केले होते, प्रत्येक वेगळ्या चित्रकाराने रंगवलेला. लोक नकाशे घेऊन पोराबाळांसकट ते शोधत फिरत. नंतर त्यांचा लिलाव झाला आणि पैसा मुलांच्या रुग्णालयांच्या मदतीला गेला. सिनेमा येऊन सहा महिने होत आले होते, पण इथे खरा उत्सव तेव्हा झाला.

आर्डमनबद्दल आणखी एक. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांच्या गोदामाला आग लागली. जुने सेट, बाहुल्या, बरंच काही जळून गेलं, आणि ते नेमकं वॉलेस-ग्रॉमिटचा मोठा सिनेमा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असताना. काश्मीरचा मोठा भूकंप दोनच दिवसांपूर्वी झाला होता. त्यापुढे आमचं नुकसान किरकोळ आहे, अशा अर्थाचं निक पार्क तेव्हा बोलले होते. आणि २०१८ मध्ये पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या संस्थापकांनी कंपनीची बहुतांश मालकी कर्मचाऱ्यांच्या हवाली केली, उद्या कुणी बडा स्टुडिओ येऊन विकत घेईल ही भीती नको म्हणून. मला वाटतं, शॉनला 'मोठा' करताना त्याला बोलायला लावलं नाही, याचं मूळ मालकी घरातच ठेवण्याच्या या वृत्तीत आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर पहिल्या बैठकीतच कुणीतरी विचारलं असतं, आवाज कोणत्या स्टारचा घ्यायचा?

चिंचा_बोरं

डोरेमॉनचं नाव आलंच आहे तर त्याला न्याय द्या. तुमचा सिद्धांत त्याला लावून बघितला आणि तो अर्धाच बसतो.

टीव्ही असाहीवर ही मालिका १९७९ पासून चालू आहे. भविष्यातून आलेलं यंत्रमांजर डोरेमॉन नोबिता या पोराच्या घरी राहतं. नोबिता कायम त्याच इयत्तेत, कायम नापास, दांडगट जियान कायम मारणार. २०१४ चा 'स्टँड बाय मी डोरेमॉन' (ताकाशी यामाझाकी आणि र्यूइची यागी) हा त्यातला पहिला संगणकीय त्रिमित सिनेमा. त्यांनी मूळ चित्रकथांमधल्या सुट्या गोष्टी एकत्र ओवल्या: डोरेमॉनचं येणं, बर्फाचा डोंगर, लग्नाच्या आदली रात्र, आणि निरोप. जे मालिकेत कधी होणार नाही तेच करायचं, डोरेमॉन परत जाणार. इथवर तुमचं बरोबर. पण गोष्टी सुट्या आहेत हे लपवायला त्यांनी एक यंत्रणा घुसडली: नोबिता सुखी झाल्याशिवाय डोरेमॉनला भविष्यात परतताच येत नाही, आणि झाला की थांबता येत नाही. मैत्रीची नोकरी करून टाकली! जपानमध्ये त्याची जाहिरातच 'रडायला या' अशा थाटात झाली होती. मी रडले. पण रडवलं गेल्यासारखी रडले.

आता उरलेला अर्धा. डोरेमॉनचे सिनेमे १९८० पासून जवळजवळ दरवर्षी येतात, आणि त्यात डायनासोर, अंतराळ, समुद्रतळ, सगळं बाहेरचंच असतं. तरी ते चालतात आणि चांगले असतात. का? कारण पोटाच्या खिशातून वाट्टेल ती वस्तू निघते हे मालिकेतच कबूल केलेलं आहे. दार उघडलं की अंटार्क्टिका, हे तिथलं रोजचं. बाहेरचं जग तिथे बाहेरचं नाहीच. शिवाय सिनेमात जियान शूर आणि जिवाला जीव देणारा होतो. मालिकेत तसाच वागला असता तर मालिका बंद पडली असती. हे सगळ्या पोरांना माहीत आहे आणि मान्य आहे. टीव्हीवरचा जियान वेगळा, सिनेमातला वेगळा.

म्हणजे 'आतलं मोडा' हा एकमेव मार्ग नाही. मालिकेने काय काय कबूल करून ठेवलंय त्यावर ते ठरतं.

मेंढपाळ_नव्हे

@चिंचा_बोरं, हे माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. ग्रीनडेलने पत्रं, मांजर आणि लाल गाडी एवढंच कबूल केलं होतं, यंत्रमानव नाही. मॉसी बॉटमने मात्र पहिल्यापासून मेंढरांना फुटबॉल खेळू दिला, पिझ्झा मागवू दिला. म्हणून ती कपडे घालून बसमध्ये चढली तरी कुणाला खटकत नाही.

खडूस_बुवा

देशी नमुना कुणी काढेना म्हणून मीच काढतो. 'छोटा भीम'. हैदराबादच्या ग्रीन गोल्डची मालिका, पोगोवर २००८ पासून. २०१२ मध्ये 'कर्स ऑफ दम्यान' थिएटरात आला, दिग्दर्शक राजीव चिलका. ढोलकपूर सोडून सोनापूरला जायचं, दम्यान हा राक्षस सुटतो, मग कालप्रवास करून गोंधळ निस्तरायचा. यात काय मोडलं? काही नाही. भीम आधीही जिंकायचा, इथेही जिंकतो, लाडू तिथेही, इथेही. पण पोरांनी शिट्ट्या मारल्या ना! पुढे २०२४ मध्ये हीच गोष्ट खरे नट घेऊन परत काढली, तीही चिलकांनीच.

तेव्हा तुमचे सगळे सिद्धांत चाळिशीतल्या प्रेक्षकांचे आहेत. सहा वर्षांच्या प्रेक्षकाला तोच लाडू मोठ्या पडद्यावर हवा असतो.

रिकामटेकडी

हे मात्र खरं हो बुवा. आमच्याकडेही हेच.

फ्रेममोज्या

खरं आहे, पण सहा वर्षांच्या प्रेक्षकाला तिकीट काढून देणारा शेजारी बसलेला असतो आणि त्याला दीड तास काढायचा असतो. शॉनवाल्यांनी दोघांचा हिशेब ठेवला.

मोघम

मराठीत असं काही करता येईल का? मुंबई दूरदर्शनवरचा 'गोट्या' आठवतो. ना. धों. ताम्हनकरांचा.

चिंचा_बोरं

नको! 'गोट्या'त चित्रापेक्षा बोलणं मोठं. पोरक्या मुलाला एक घर मिळतं आणि ते घर त्याला कसं हाक मारतं, यावर सगळी गोष्ट उभी आहे. तिथे दर भागाला सगळं पुन्हा जागच्या जागी जात नाही, माणसं बदलत जातात. त्यात मोडण्यासारखं काही शिल्लकच नाही. ॲनिमेशनने त्याला नुसते गोबरे गाल मिळतील.

मोघम

गोबरे गाल नकोतच. मागे घेतो.

ब्रिस्टलकरीण

'फार्मागेडन'बद्दल कुणीच बोलत नाहीये? २०१९ चा दुसरा सिनेमा, विल बेकर आणि रिचर्ड फेलन यांचा. यानातून उतरलेलं लू-ला नावाचं परग्रहावरचं पोर मॉसी बॉटमला येतं. आमच्या घरात पहिल्यापेक्षा हाच जास्त वेळा लागतो.

मेंढपाळ_नव्हे

मुद्दाम टाळत होतो. :) मला तो आवडतो, पण एक पायरी खाली. लू-ला गोड आहे, शेतकऱ्याने पैसे कमवायला परग्रहाच्या नावाने जत्रेसारखं उद्यान काढणं तर अस्सल मॉसी बॉटम. पण सिनेमाचं काळीज लू-लाला तिच्या घरी पोहोचवण्यात आहे, शॉनच्या स्वतःच्या घरात काही पणाला लागत नाही. पहिल्यात शॉनने केलेल्या खोडीचीच किंमत त्याला मोजावी लागते. शेवटी शेतकरी स्वतःच त्या दिवसाची कामांची यादी रद्द करतो, म्हणजे सुट्टी मिळते, पण ती पळवून नव्हे. दुसऱ्यात शॉन मदतनीस आहे.

ऑस्करचं नामांकन मात्र दोघांनाही मिळालं आणि दोन्ही वेळा पिक्सार आडवं आलं: आधी 'इनसाइड आउट', मग 'सोल'.

खडूस_बुवा

परग्रहवासीही बाहेरचाच की हो. तो चालला?

मेंढपाळ_नव्हे

बुवा, म्हणून तर एक पायरी खाली म्हटलं.

चिंचा_बोरं

मला दुसऱ्यात बिट्झरच्या पाट्या आवडल्या. मेंढरांनी काहीही धाडसी खेळ काढला की हा तो बंद असल्याची पाटी ठोकतो. पाट्यांची अख्खी रांग होते. असला मुकादम प्रत्येक सोसायटीत एक असतोच.

रिकामटेकडी

कामाचा प्रश्न. भाचा येतोय, पाच वर्षांचा, जरा भित्रा आहे. पहिला सिनेमा दाखवू का? आणि ट्रंपर किती भीतीदायक आहे?

ब्रिस्टलकरीण

पाचाला चालेल. त्याहून लहान असेल तर टिमीची वेगळी मालिका आहे, 'टिमी टाइम', २००९ ची, बालवाडीतल्या मुलांसाठीच केलेली. त्यात भिण्यासारखं काही नाही.

मेंढपाळ_नव्हे

दोन जागा सांभाळा. एक, कोंडवाडा. तिथली एक-दोन जनावरं बघून मोठी माणसं हसतात, पण लहानांना ती नुसतीच भयंकर दिसतात. दुसरी, शेवटी ट्रंपर मेंढरं लपलेली खोपटी ट्रॅक्टरने खाणीच्या कड्याकडे ढकलत नेतो ती. खोलीत दिवा चालू ठेवा आणि शेजारी बसा. आणि आधी मालिकेचे तीन-चार भाग जरूर दाखवा, नाहीतर शेतकरी शॉनला विसरला यात रडण्यासारखं काय, ते त्याला कळणार नाही.

खडूस_बुवा

तीन-चार भाग दाखवल्यावर तो सिनेमाला बसला तर कळवा. आमच्याकडे अजून पाचवा, सहावा, सातवा भागच चालू आहे.